कोपरा खोचलेली चिठ्ठी

पेट्या दोन होत्या, आणि दोन्ही माझ्याच सुपीक डोक्यातून निघालेल्या. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावाने बोटं मोडायचीही सोय नव्हती.

आमच्या चर्चचा तरुण संघ म्हणजे तीन वर्षांपूर्वी चार टाळकी होती, आणि त्यातली दोन पाळकसाहेबांच्या घरची. आता आम्ही एकोणीस आहोत. याचं श्रेय सगळे मला देतात. मी लाँड्रीच्या काउंटरवर बसते, गावभरचे कपडे माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे कुणाच्या घरात कोण तरुण आहे, कोण रविवारी अकरापर्यंत लोळतं, हे मला पाळकसाहेबांपेक्षा जास्त माहीत. एकेकाला मी धरून आणलं. एकोणतीस वर्षांची झाले तरी सगळे मला ताई म्हणतात, आणि मीही ताईगिरी करायची काही सोडत नाही.

तर पेट्या. बुटांचे दोन खोके. पांढरा कागद लावलेली विनंतीची पेटी आणि तपकिरी कागद लावलेली ओझ्याची पेटी. पवित्र सप्ताहात ज्याला मंडळीकडून प्रार्थना हवी असेल त्याने नाव न घालता विनंती लिहून पांढऱ्या पेटीत टाकायची. गुड फ्रायडेची उपासना संपली की प्रत्येकाने जाताना त्यातली एक चिठ्ठी उचलायची, घरी नेऊन तिच्यासाठी प्रार्थना करायची, कुणाला सांगायचं नाही, आणि ईस्टरच्या पहाटे सगळ्यांसमोर ती वाचायची. ओझ्याची पेटी मात्र कुणी वाचायची नाही. मनात जे सलतं, जे माणसाला सांगता येत नाही, ते तिच्यात टाकायचं, आणि पहाटेच्या शेकोटीत सगळं न उघडता जाळायचं. गेल्या वर्षी लोक रडले होते. गायनमास्तर रडले होते, आणि त्यांना सूर चुकल्याशिवाय रडू येत नाही.

यंदा ओझ्याच्या पेटीत मीही चिठ्ठी टाकली. शुक्रवारी दुपारी लाँड्रीत बसून, कपड्यांना लावायच्या पिवळट चिवट कागदावर, डाव्या हाताने लिहिलेली. डाव्या हाताने, कारण चर्चबाहेरच्या फळ्यावर दर आठवड्याचं वचन मीच लिहिते आणि माझं अक्षर शेंबडं पोरही ओळखतं. मी लिहिलं होतं:

‘दीड वर्ष झालं, मी प्रार्थना करत नाही. डोळे मिटते, ओठ हलवते, आणि उद्या कुणाचे कपडे द्यायचे ते आठवते. विश्वास उरलेला नाही. ईस्टर झाला की सगळं सोडणार आहे. मुलांना काय सांगू कळत नाही.’

लिहिलं तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तसं माझ्या आयुष्यात काही आक्रीत घडलेलं नव्हतं. कुणी गेलं नाही, कुणी फसवलं नाही. एके दिवशी डोळे मिटले आणि समोर कुणी नव्हतं, एवढंच. मला वाटलं, दोन-चार दिवसांत येईल परत. मग महिने गेले, संघ वाढत गेला, आणि मी रोज पुढे उभी राहून इतरांना धीर देत गेले. ज्या गोष्टीवर माझा स्वतःचा विश्वास नाही ती मी छान विकत होते. रविवारी संघाच्या खोलीची किल्ली पाळकसाहेबांच्या हातात ठेवायची, कामाचं कारण सांगायचं आणि सुटायचं, असं मी ठरवलं होतं. रविवारी थोडं बोलायचंय, एवढं त्यांना सांगूनही ठेवलं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही चर्च साफ करायला जमलो. फुलं, मेणबत्त्या, अंगणात लाकडं रचायची, अशी कामं वाटून दिली. ओझ्याच्या चिठ्ठ्या शेकोटीशेजारच्या पत्र्याच्या डब्यात काढून ठेवणं माझं काम. मी पेटी उलटी केली आणि सहज आपली चिठ्ठी शोधली. तळाशी सरकवावी, एवढाच विचार होता.

चिठ्ठी नव्हती.

पुन्हा बघितलं. सगळ्या पांढऱ्या, रेघांच्या, वहीच्या. पिवळट एकही नाही. एक चिठ्ठी अर्धवट उघडी होती, आणि डोळे बंद करायच्या आत मी वाचलं: ‘आजोबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट होऊ दे.’ गुडघा ओझ्याच्या पेटीत कशाला येईल?

“पेट्यांना कुणी हात लावला होता का रे?” मी विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

शिडीवरून उत्तर आलं. शिडीवर नियमावली होता. हा आमचा इंजिनियरिंगचा मुलगा, कामसू, गुणी, आणि नियम पाळण्याची इतकी हौस की सगळे त्याला नियमावलीच म्हणतात. “मी झाकल्या ना, ताई! गुरुवारी संध्याकाळी.”

“झाकल्या म्हणजे?”

“गुड फ्रायडेला चर्चमधलं सगळं जांभळ्या कापडाने झाकायचं असतं ना? क्रूस झाकला, वेदी झाकली, मेणबत्त्यांचे स्टँड झाकले. मग म्हटलं, पेट्याच का उघड्या? चिठ्ठी टाकायला वरून चीर ठेवली मी. मोजून चार बोटं.”

“आणि परत ठेवताना कुठली डावीकडे ठेवलीस?”

तो शिडीवर थांबला. जांभळ्या कापडाखाली पांढरं काय नि तपकिरी काय, हे त्याच्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा शिरत असावं. “डावीकडे... विनंतीची? का, काही घोळ झाला?”

“काही नाही, सहज विचारलं,” मी म्हणाले.

घोळ असा झाला होता. ओझ्याची पेटी कायम डावीकडे असते. शुक्रवारी उशीर झाला म्हणून मी धावत आले, कापड बघितलं, डावीकडच्या चिरेत चिठ्ठी सोडली आणि जागेवर जाऊन बसले. उपासना संपल्यावर नियमावली कापड काढून पांढरी पेटी घेऊन दारात उभा राहिला, आणि चाळीसेक माणसांनी विनंती समजून तिच्यातली एकेक चिठ्ठी उचलली. त्यांच्यापैकी कुणाच्या तरी घरात, उशाखाली किंवा गीतपुस्तकात, माझी चिठ्ठी होती. आणि उद्या पहाटे ती व्यक्ती उभी राहून ती वाचणार होती. मोठ्याने वाचायची, हा नियमही माझाच.

डाव्या हाताचं अक्षर कुणी ओळखणार नाही, असं मी स्वतःला बजावलं. फुलदाणीत पाणी घालताना मात्र माझे हात थांबले. चिठ्ठीची घडी! लाँड्रीत कपड्याला लावायचा कागद आम्ही तिहेरी दुमडतो आणि वरचा कोपरा आत खोचतो, धुताना उघडू नये म्हणून. बारा वर्षं माझी बोटं तेच करतात, मला विचारतही नाहीत. गावात ज्याने ज्याने माझ्याकडून कपडे नेले, त्याने ती घडी सोडवलेली आहे. कागदही तोच. मी सहीच करून ठेवली असती तर निदान शाई तरी कमी लागली असती.

मोबाइल काढून मंडळीच्या ग्रुपवर लिहायला घेतलं: ‘पेट्यांची अदलाबदल झाली आहे, कृपया कुणी...’ आणि पुसलं. असं लिहिलं की चाळीस माणसं ताबडतोब आपापली चिठ्ठी उघडून बघणार, आपल्या हातात कुणाचं ओझं आलंय ते. मी माणसांना ओळखते. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. एव्हाना शिडी हलवायचा आवाज आला तरी मी दचकत होते.

सुरुवात घरातून केली. शिकायला म्हणून मी आत्याकडे आले ती तिथेच राहिले. आत्याचा देवावर इतका विश्वास की दूध उतू गेलं तरी त्यात ती काही हेतू शोधते. ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालत असताना मी तिचं गीतपुस्तक उघडलं. चोरून. चिठ्ठीत होतं, ‘मला नोकरी लागू दे, आईसमोर उभं राहायची लाज वाटते.’ मी ती परत ठेवली आणि वळले तर दारात आत्या.

“काय शोधतेस गं?”

“पिन.”

“गीतपुस्तकात?” तिने माझ्याकडे नीट बघितलं. “तुझा चेहरा का असा उतरलाय? सकाळपासून काही खाल्लंस का? रात्रीही ताटात तसंच ठेवलंस.”

“कामं आहेत, आत्या.”

“प्रार्थना करून जा. हलकं वाटेल.”

मी मान हलवली आणि बाहेर पडले. दीड वर्ष ती मला हेच सांगते आहे आणि दीड वर्ष मी मान हलवते आहे.

लाँड्रीत रांग होती. ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळ्या गावाला पांढरे कपडे हवे असतात, तेही कडक इस्त्रीचे. मी एका बाईंना दुसऱ्याच्याच नवऱ्याचा शर्ट दिला. मालक म्हणाले, “आज तुझं लक्ष कुठंय?” तेवढ्यात गायनमास्तर गायकांचे झगे न्यायला आले. यांच्या हातात माझी चिठ्ठी पडली असती तर त्यांनी ती चालीवर वाचली असती.

“मास्तर, चिठ्ठी सांभाळून ठेवली ना?” मी झग्यांचा गठ्ठा पुढे सरकवत विचारलं.

एरवी मास्तर एका प्रश्नाला चार उत्तरं देतात. आज त्यांनी नुसता खिशावर हात ठेवला. खिशातून रेघांच्या कागदाचा कोपरा दिसत होता, पिवळट नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

“उद्यापर्यंत कुणाला सांगायचं नाही, हा तुझाच नियम ना?” ते म्हणाले. मग जाता जाता वळले. “ही चिठ्ठी वाचायलाच हवी का गं? म्हणजे... एखाद्याची नाही वाचली तर?”

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. त्यांच्याकडेही कुणाचं तरी ओझं गेलं होतं, हे माझ्या लक्षात आलं, आणि मी काय केलं? “बघू,” म्हणाले आणि पुढच्या माणसाची पावती मागितली. फक्त माझंच लपवायचं होतं मला. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

दुपारी नियमावलीचा फोन आला. आपल्या हातून काही चुकलं या शंकेने त्याला जेवण गेलं नव्हतं. “ताई, मी आठवून आठवून यादी केली, कुणी कुठल्या क्रमाने चिठ्ठी उचलली त्याची. शेवटची शिट्टीने घेतली. ती मला म्हणाली पण, ही घडी बघ, लाँड्रीतल्यासारखी आहे. याचा काही उपयोग आहे का?”

मी स्टुलावर बसले.

शिट्टी म्हणजे टायरच्या दुकानात काम करणारी मुलगी. वय एकोणीस. पुढच्या दोन दातांत फट आहे, त्यातून ती अशी शिट्टी मारते की रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघतो. तिची आई वारली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. अंत्यविधीला कुणीतरी शहाणपणाने तिला सांगितलं, “देवाला ती जास्त आवडली.” शिट्टीने गीतपुस्तक भिंतीवर फेकलं आणि चर्च सोडलं. मी दर गुरुवारी, संघाच्या बैठकीआधी, तिच्या दुकानात जाऊन उलट्या टायरवर बसायची. ती पान्याने नट पिळायची, मी बडबड करायची. एकदा ती म्हणाली, “ताई, मला प्रार्थना येत नाही. तोंड उघडलं की राग येतो.” मी म्हणाले, “मग नको करू. तुझ्या वाटची मी करते. तुला जमलं की परत घे.”

तेव्हा मी खरंच करत होते. पुढे चार-सहा महिन्यांनी माझंच आटलं, आणि तिच्या वाटचंही थांबलं. तिला मी सांगितलं नाही. गेल्या वर्षी ती परत आली, मागच्या बाकावर बसली, मग पुढे सरकली. यंदा पहाटेची हाक तिची होती. आमच्याकडे मंडळी चर्चमध्ये अंधारात बसते, आणि संघात सर्वांत नव्याने आलेला माणूस बाहेर एकटा उभा राहून बंद दारावर तीनदा थाप मारतो, ओरडतो, “ख्रिस्त उठला आहे!” आतून उत्तर आलं की दार उघडतं. शिट्टी महिनाभर दुकानात सराव करत होती. गिऱ्हाइकं दचकायची.

आणि आता तिच्या हातात माझी चिठ्ठी होती, आणि घडी तिने ओळखली होती.

फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. काउंटर तसंच टाकून मी टायरच्या दुकानात गेले. दुकानाचे मालक एकटेच चाकाशी झटत होते.

“ती नाही,” ते म्हणाले. “हायवेला ट्रक बंद पडलाय, गेलीय जॅक घेऊन. केव्हा येईल, काय सांगू.”

“ती बरी होती ना?”

“सकाळपासून गप्प होती बघा. एकदाही शिट्टी वाजली नाही. मी विचारलं, दात पडला का? तर हसलीसुद्धा नाही.”

मी तिच्या उलट्या टायरवर थोडा वेळ बसले. कोपऱ्यात तिचा डबा होता, न उघडलेला. एखादी मुलगी दोन वर्षांनी परत येते, कारण एक बाई तिला सांगते की मी तुझ्यासाठी प्रार्थना करते. मग तिला त्या बाईच्या हाताने लिहिलेलं मिळतं की मी दीड वर्षात प्रार्थना केलेलीच नाही. ती पुन्हा निघून गेली तर ती कायमची जाणार होती, आणि यावेळी गीतपुस्तक भिंतीवर नाही, माझ्या तोंडावर फेकायला हवं होतं. आता मंडळीला कळलं काय नि न कळलं काय, मला त्याचं फारसं वाटत नव्हतं. शिट्टी येईल का, एवढंच डोक्यात फिरत होतं.

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. फोन बंदच होता.

पहाटे अंगणात पोहोचले तेव्हा लोक आत जाऊन बसत होते. कोरे, कडक, माझ्या हातच्या इस्त्रीचे कपडे. शेकोटी रचलेली होती, शेजारी पत्र्याचा डबा. शिट्टीचा पत्ता नव्हता. पाळकसाहेबांनी घड्याळ बघितलं.

“आता थांबता येणार नाही,” ते हळूच म्हणाले. “तुम्हीच द्या हाक.”

“मी? साहेब, मी नको. दुसरं कुणीही चालेल. नियमावलीला सांगा.”

“तो आत दिवे सांभाळतोय. अहो, तुम्हाला काय अवघड? तीन शब्द तर आहेत.”

ते आत गेले. दार बंद झालं. चर्चमधले दिवे मालवले गेले. मी पायरीवर एकटी उभी राहिले. माझ्या खिशात संघाच्या खोलीची किल्ली होती, ती मुठीत इतकी घट्ट धरली की तळहातावर तिचे दात उमटले.

तीन थापा मारल्या. “ख्रिस्त उठला आहे,” मी म्हणाले. लाँड्रीत ‘पावती द्या’ म्हणते, त्यापेक्षाही हळू. आतून काहीच आलं नाही. ऐकू गेलं नसणार. दाराआड चाळीस-पन्नास माणसं श्वास धरून बसली होती, त्यांत माझी आत्या होती, आणि त्यांना फक्त एक वाक्य हवं होतं, जे माझ्याकडे नव्हतं. किल्ली दाराच्या कडीत अडकवून सरळ घरी चालू लागावं, असं वाटलं. खरंच वाटलं.

पुन्हा थापा मारल्या. “ख्रिस्त उठला आहे!” आवाज मध्येच फाटला.

“खरोखर उठला आहे!”

उत्तर आतून आलं नव्हतं. ते माझ्या पाठीमागून, फाटकातून आलं होतं, धापा टाकत, आणि त्याला जोडून अशी काही शिट्टी वाजली की समोरच्या घरातला दिवा लागला. आत एकदम सगळी मंडळी गरजली, “खरोखर उठला आहे!” दार उघडलं, दिवे लागले, गायकांनी सुरुवात केली, आणि फाटकाजवळ शिट्टी उभी होती. कोपरापर्यंत ग्रीस, पायजम्यावर चिखल, डोळे तांबडे.

“ट्रकचं चाक,” ती म्हणाली. “नटच निघेना. रात्रभर तिथेच. फोन मेला.”

मला तिच्याशी बोलायचं होतं, पण लोक मेणबत्त्या घेऊन बाहेर आले आणि आम्ही दोघी बाजूला लोटल्या गेलो. शेकोटी पेटली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, आणि म्हणाले, “आता विनंत्या वाचू.” गायनमास्तरांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. त्यांच्या कपाळावर घाम होता.

तो घाम बघितला आणि मला राहवलं नाही.

“थांबा,” मी म्हणाले. “वाचायच्या आधी ऐका. पेट्यांची अदलाबदल झाली होती. मला काल सकाळीच कळलं होतं, आणि मी सांगितलं नाही. कुणाच्या हातात विनंतीऐवजी ओझं आलं असेल, तर कृपा करून वाचू नका. शेकोटीत टाका. डब्यात तुमच्या विनंत्याही गेल्यात, त्या मी नंतर शोधून देते.” इथवर नीट बोलले. मग म्हणाले, “मी सांगितलं नाही, कारण त्यांत माझंही ओझं आहे. मला भीती वाटली.”

नियमावलीने तोंडावर हात घेतला होता, बिचारा. आत्या माझ्याकडे बघत होती. मग गायनमास्तर पुढे झाले, रेघांचा कागद न उघडता जाळात टाकला, आणि मोठा श्वास सोडला. अजून चार जण गेले. एक आजी गेल्या. पाळकसाहेबही गेले.

शिट्टी जागची हलली नाही. तिच्या काळ्या बोटांत पिवळट कागद होता.

“माझ्याकडे पण ओझं आलंय,” ती मोठ्याने म्हणाली. “ताई म्हणते, जाळा. मी नाही जाळणार.”

“अगं, वाचायचं नाही,” पाळकसाहेब म्हणाले.

“वाचत नाहीये. जाळलं तर मी विसरेन, म्हणून ठेवतेय.” तिने कागद दुमडायला घेतला. “ज्याचं आहे तो माणूस दमलाय. खूप दिवस एकटाच दुसऱ्यांची ओझी उचलत होता. मला एवढंच मागायचंय की त्याला थोडे दिवस बसू द्यावं.”

“प्रभू, ऐक,” मंडळी म्हणाली. सवयीने म्हणाली, पण म्हणाली. सर्वांत मोठा आवाज आत्याचा होता.

नंतर बाकीच्यांनी विनंत्या वाचल्या. नोकरी, परीक्षा, कुणाचा तरी रुसलेला भाऊ. गुडघ्याची विनंती मी डब्यातून शोधून दिली, तीही वाचली गेली. उजाडलं. लोक चहाकडे वळले. शिट्टी माझ्याजवळ आली. कागद तिने पुन्हा तिहेरी दुमडला होता, पण कोपरा बाहेरच राहिला होता.

“ही घडी जमत नाही मला,” ती म्हणाली.

“तुला राग नाही आला?”

“आला की. काल दिवसभर आला. म्हटलं, हिने मला फसवलं. ट्रकखाली पडून शिव्या दिल्या तुला.” तिने ग्रीसचा हात गालाला पुसला, गाल काळा झाला. “मग म्हटलं, मी परत यायच्या आधीपासूनच हिचं बंद आहे. तरी ही दर गुरुवारी यायची. काही मिळत नसताना यायची. मी नसते आले.”

मी रडत होते, आणि तरी तिच्या गालावरचा तो डाग कशाने निघेल याचा विचार करत होते, इतकी मी लाँड्रीवाली.

“मला नीट येत नाही अजून,” शिट्टी म्हणाली. “रात्री तिथे दोनच वाक्यं जमली, तीच पुन्हा पुन्हा. पण ताई, तू नको करू. तुझ्या वाटची मी करते. तुला जमलं की परत घे.”

तेवढ्यात पाळकसाहेब चहाचा कप घेऊन आले. “तुम्हाला माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं ना आज?”

मी शिट्टीच्या हातातला कागद घेतला, तिहेरी दुमडून कोपरा आत खोचला, आणि तिच्या खिशात परत ठेवला. किल्ली माझ्याच खिशात होती.

“गुरुवारी बोलते, साहेब,” मी म्हणाले. “संघाची बैठक सुटल्यावर.”